शनिवार रकमेत धरू नका

प्रति,
कौटुंबिक न्यायालयांत मध्यस्थ आणि विवाह समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कुणाला माझा चेहरा आठवायचं कारण नाही. तुमच्यासमोरच्या खुर्च्यांवर रोज नवी माणसं येऊन बसतात, त्यांतलीच मी एक. आमचा घटस्फोटाचा अर्ज २०२१ साली दाखल झाला आणि २०२३ मध्ये परस्परसंमतीने निकाल लागला. मधल्या काळात मध्यस्थीच्या पाच बैठका झाल्या. मी पेशाने हिशेबनीस आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या जमाखर्चात डोकं घालून बसणारी. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मोठी चूक माझीच आहे आणि तीही हिशेबाची.

तिसऱ्या बैठकीत ती झाली. दुपारचे साडेचार वाजून गेले होते. आमच्या आधीचं जोडपं दीड तास आत होतं, त्यामुळे आमची पाळी उशिरा आली आणि सगळेच थकलेले होते. मध्यस्थबाई खरोखर चांगल्या होत्या. आवाज चढवला नाही, कुणाला दोष दिला नाही. अडलं होतं ते एवढ्यावरच, की मुलीच्या खर्चासाठी मी मागत होते त्यापेक्षा तीन हजार कमी द्यायला नवरा तयार होता, आणि त्याला महिन्यातले चारही शनिवार मुलगी हवी होती, मी दोनच देत होते. बाईंनी त्या दिवसाच्या बोर्डाचा, म्हणजे प्रकरणांच्या यादीचा, छापील कागद उलटा केला, मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे रक्कम, उजवीकडे भेटी. मग पेन्सिलने दोन्ही बाजू बाणाने जोडल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही दोन शनिवार वाढवा, साहेब तीन हजार वाढवतील. दोघांचंही होतंय की नाही?"

होत होतं. मला तर सुटल्यासारखं वाटलं. आकडे जुळले की मला नेहमीच सुटल्यासारखं वाटतं, नोकरीचा दोष आहे.

निकालानंतर सात-आठ महिन्यांनी त्याच्या कामात अडचण आली आणि दोन महिने पैसे आले नाहीत. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो दाराशी आला तेव्हा मी मुलीला पाठवलं नाही. त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या डोक्यात तो शनिवार विकलेला होता आणि गिऱ्हाइकाने पैसे थकवले होते. त्याने मग तसंच उत्तर दिलं, भेट नाही तर पैसे कसले? पुढे पाच महिने ना पैसे, ना भेट. आमची मुलगी तेव्हा आठची होती. शुक्रवारी रात्री ती एक छोटी निळी पिशवी भरून दाराजवळ ठेवायची, त्यात चित्रकलेची वही, एक टी-शर्ट आणि ब्रश. पहिले तीन शुक्रवार तिने ती भरली. चौथ्या शुक्रवारी भरली नाही, मलाही काही विचारलं नाही. पिशवी खुंटीवर लटकत राहिली.

माझ्या वकिलांकडे गेले ते वसुलीचा अर्ज करायला. त्यांनी मला समोर बसवून हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ वाचून दाखवलं. आमचं लग्न त्या कायद्याखालचं, म्हणून ते कलम. विशेष विवाह कायद्यात असंच कलम ३८ आहे. नवरा-बायकोच्या आपसातल्या कायमच्या पोटगीचं कलम २५, ते निराळं. कलम २६ मध्ये अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि शक्य तिथे मुलांच्या इच्छेला धरून आदेश करावा असंही म्हटलं आहे. वकील म्हणाले, यात तुमचं काय आहे? मला उत्तर देता आलं नाही. मुलीच्या खर्चाची रक्कम मुलीची, आणि बापाबरोबरचा शनिवारही मुलीचाच. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून तिच्याच एका खिशातलं काढून तिच्याच दुसऱ्या खिशात घातलं होतं आणि त्याला तडजोड असं नाव दिलं होतं.

हे पत्र लिहायचं कारण हेच. शनिवार रकमेत धरू नका. मूल आणि पैसा एका कागदावर, एका बैठकीत, एका रेघेच्या दोन बाजूंना मांडू नका.

कायद्याच्या बाजूने यात नवं काही नाही, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज, भेट अडवली तर त्याचा वेगळा अर्ज. एकाच्या थकबाकीपोटी दुसरं अडवून धरता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आई-बाप वेगळे राहत असतील तर दोघांशीही नियमित संबंध ठेवणं हा मुलाचा हक्क म्हटला आहे, आणि भारत त्या करारात १९९२ पासून आहे. पण वेगवेगळे अर्ज ही गोष्ट कोर्टाच्या कारकुनाला ठाऊक, घरी दाराशी उभ्या असलेल्या दोन माणसांना नाही. त्यांच्या डोक्यात तुम्ही पेन्सिलने काढलेला बाण असतो. तो पुसायला मला पाच महिने लागले.

थोडं विषयांतर. "ताबा" या शब्दाचं काही करता येईल का? जमिनीचा ताबा, गाळ्याचा ताबा, जप्तीच्या मालाचा ताबा आणि मुलीचा ताबा. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे आमच्या संमतीच्या लेखी अटींत, "अर्जदाराकडे मुलीचा कायम ताबा राहील" या ओळीखाली सही करताना मला आमच्या कार्यालयातलं गोदामाचं रजिस्टर आठवलं होतं. ज्याच्याकडे ताबा त्याच्याकडे माल, बाकीचा फक्त बघायला येणार. भाषा अशी असेल तर भांडणही मालाचंच होणार. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये दिलेल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा विचार मांडला, मध्यस्थीसकट मार्गदर्शक सूचनाही जोडल्या. शब्द तिथेही ताबाच.

आता पैशाकडे येते, कारण ते माझं क्षेत्र आहे आणि तुमच्या खोलीत सगळ्यांत वाईट हाताळलं जातं तेही तेच.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यायचं असं ठरवून दिलं. त्याचे नमुनेही निकालाला जोडले आहेत, शेतीचं उत्पन्न असणाऱ्यांसाठी तर वेगळा नमुना. वकील मंडळी त्याला नुसतं "रजनेश नेहाचं अ‍ॅफिडेव्हिट" म्हणतात. आमच्याही फाइलमध्ये दोघांची शपथपत्रं लागलेली होती. मध्यस्थीच्या पाच बैठकांत ती फाइल एकदाही उघडली गेली नाही. "कागद राहू द्या बाजूला, मन मोकळं करा," असं आम्हाला सांगण्यात आलं. मन आम्ही मोकळं केलं. दोघांनीही. पण मन मोकळं केल्यावर त्यातून जो आकडा बाहेर पडतो, तो रागाचा आणि थकव्याचा असतो, उत्पन्नाचा नसतो.

शपथपत्र वाचलं असतं तर काय दिसलं असतं? त्याने एका मित्रासाठी पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही केली होती, ते दिसलं असतं. माझ्या आईने माझ्या नावावर ठेवलेली एक मुदतठेव माझ्याकडून लिहायची राहिली होती, तेही कुणी नीट प्रश्न विचारला असता तर निघालं असतं. "राहिली" हा शब्द मी सोयीने वापरते आहे. लपवाछपवी फक्त एकाच बाजूला होते असं समजून तुम्ही बसत असाल, तर तसं समजू नका.

आणि माणसं किती अडाणी असतात ते धरून चाला. मी दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवते, पण आमच्या घराच्या कर्जाची मुद्दल किती बाकी आहे ते मला अर्ज दाखल होईपर्यंत माहीत नव्हतं. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा, कर्जावर सही दोघांची होती. आपल्याकडे लग्नात मिळवलेल्या मालमत्तेत बायकोचा आपोआप निम्मा वाटा नसतो. गोव्यातला दिवाणी कायदा हा अपवाद. बाकी ज्याच्या नावावर घर त्याचं घर. पण कर्ज मात्र ज्याची सही त्याचं. आमच्या अटींत लिहिलं होतं, "घराचे उर्वरित हप्ते जाबदेणार भरेल." जाबदेणार म्हणजे तो. छान वाटतं वाचायला. बँक त्या अटींत पक्षकार नव्हती. बँकेच्या लेखी मी सहकर्जदार होते आणि सहकर्जदारच राहिले. त्याचे तीन हप्ते उशिरा गेले आणि माझा क्रेडिट स्कोअर घसरला, हे मला दीड वर्षाने, एका छोट्या कर्जाला नकार मिळाला तेव्हा कळलं. घर एकाकडे जाणार असेल तर कर्जही एकट्याच्या नावावर करून घ्यायचं, त्यासाठी बँकेचं लेखी हवं, नाहीतर घर विकून कर्ज फेडायचं आणि उरलं तर वाटून घ्यायचं. मध्यस्थीच्या टेबलावर यातला एक शब्द निघाला नाही. निघाला असता तर बैठक वाढली असती, मान्य आहे. वाढू द्यायला हवी होती.

विम्याचं नामनिर्देशनही तसंच. घटस्फोट झाला म्हणून पॉलिसीवरचं नाव आपोआप बदलत नाही, आपण अर्ज देऊन बदलायचं असतं. माझ्या एका पॉलिसीवर अजून परवापर्यंत त्याचंच नाव होतं. त्याला सांगितलं तर हसला.

मग ती एकरकमी तडजोड. "वन टाइम" म्हटलं की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उजळतात, फाइल बंद होणार म्हणून. ज्याला खरंच एकदाचं मोकळं व्हायचं आहे आणि ज्याच्याकडे रक्कम तयार आहे त्याच्यासाठी ती बरोबर असेलही. पण त्या एका आकड्यात बायकोची पोटगी किती, स्त्रीधनापोटी किती आणि मुलाच्या खर्चाचे किती, हे वेगळं लिहिलेलं मी तरी फार कमी अटींत पाहिलं. (आता मैत्रिणी त्यांचे मसुदे मला वाचायला देतात, म्हणून सांगते.) स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता, ती परत करणं म्हणजे कुणी पोटगी दिली असं होत नाही. आणि मुलाच्या पालनपोषणाचा हक्क मुलाचा असल्यामुळे आईने "यापुढे मुलाच्या वतीने काहीही मागणार नाही" असं लिहून दिलं तरी त्याने मुलाचा हक्क संपत नाही. तरीही ते वाक्य मसुद्यामागून मसुद्यात छापल्यासारखं येतं. कोण टाकतं ते?

दरमहा रक्कम ठरली तर तिच्यात दरवर्षीची वाढ लिहायला लावा. हा हिशेब मी कुणालाही कागदावर करून दाखवायला तयार आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आज ठरलेले १०,००० रुपये बारा वर्षांनी आजच्या ५,००० एवढेच उरतात. म्हणजे सहा वर्षांच्या मुलासाठी आज ठरवलेली रक्कम ते अठराचं होईपर्यंत निम्मी झालेली असते, आणि नेमकं तेव्हा त्याच्या शिक्षणाला सगळ्यांत जास्त लागत असतं. फी वर्षाला १० टक्क्यांनी वाढत असेल तर ती सव्वासात वर्षांत दुप्पट होते. परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते हे खरं, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा, पुन्हा तोच जिना. एका ओळीने हे सगळं टळतं.

घाईचं मूळ कुठे आहे तेही मला दिसतं. परस्परसंमतीच्या अर्जानंतर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे सहा महिने थांबायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ च्या निकालात ही अट न्यायालयाला शिथिल करता येईल असं म्हटलं आणि ते योग्यच झालं, वर्षानुवर्षं वेगळी राहणारी माणसं आणखी कशाला ताटकळत ठेवायची. पण त्यासाठी समेटाचे प्रयत्न करून झालेले असावेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा व बाकीचे वाद खरोखर मिटलेले असावेत अशी अपेक्षा आहे. सगळी गंमत त्या "खरोखर" मध्ये आहे. सहा महिने वाचतात म्हणून एका दुपारी सगळं मिटवून टाकायची घाई दोन्ही वकिलांना असते, पक्षकारांना असते आणि तुम्हालाही असते. माफ करा, पण असते.

पहिल्या बैठकीबद्दल थोडं. समेटाचा प्रयत्न करणं हे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे न्यायालयाचं कर्तव्यच आहे, त्यामुळे "पुन्हा एकत्र येता का" हे विचारलं म्हणून माझी तक्रार नाही. एकदा विचारावं, दोनदा विचारावं. मला समुपदेशनात आणि मध्यस्थीत मिळून सहा वेळा विचारलं गेलं, चौथ्या वेळेपासून त्यात "मुलीकडे बघून तरी" असं जोडलं गेलं. मुलीकडे बघूनच तर आम्ही तिथे आलो होतो.

याहून गंभीर गोष्ट मी बाहेरच्या बाकावर पाहिली. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, माझ्याहून लहान असेल. तिने मला हळूच विचारलं, "आत दोघांना एकत्रच बसवतात का हो?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, दोन मिनिटांनी उठून प्रसाधनगृहाकडे गेली. थोड्या वेळाने तिच्या नावाचा पुकारा झाला. एकदा, दोनदा, तीनदा. पर्स घेऊन ती जिन्याने खाली जाताना मला दिसली होती. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, काय लिहिलं गेलं असेल ते मला माहीत नाही, पण अंदाज करता येतो. तुम्हाला वेगवेगळ्या बैठका घेता येतात, प्रशिक्षणात ते शिकवलेलंही असतं. मग पहिली बैठक प्रत्येकाशी स्वतंत्र का नसावी? दुसऱ्याला कळणार नाही अशा बेताने एकच प्रश्न विचारायचा असतो, तुम्हाला त्यांच्यासमोर बसायची भीती वाटते का? उत्तर हो आलं तर ते प्रकरण एका टेबलावर आणायचंच नाही. भ्यालेलं माणूस कशालाही कबूल होतं, त्या होकाराला तडजोड म्हणत नाहीत.

मुलांना काय विचारायचं यावरही तुमच्यात एकवाक्यता नाही असं दिसतं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मूल समजूतदारपणे पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं असं आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, आणि सगळ्यांच्या वर मुलाचं हित. हे सगळं न्यायाधीशांसाठी आहे. आमच्या मुलीला मात्र एका समुपदेशकांनी, खाऊ हातात देऊन, सरळ विचारलं, "तुला कुणाकडे राहायचंय?" ती सात वर्षांची होती. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "शाळा जवळ आहे तिथे."

ते हसले. पण त्या पाच बैठकांत कुणी बोललेलं सगळ्यांत व्यवहारी वाक्य ते होतं. शाळेत कोण सोडणार, कोण आणणार, आजारी पडली तर सुट्टी कुणी घ्यायची, सहामाहीच्या निकालाला कोण जाणार, पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार, बदली झाली तर किती दिवस आधी कळवायचं, फोन रोज की एक दिवसाआड आणि तेव्हा स्पीकर चालू ठेवायचा की नाही. आयुष्य या गोष्टींनी भरलेलं असतं. आमच्या अटींत यातलं काहीच नव्हतं. "जाबदेणारास भेटीचा हक्क राहील" एवढीच ओळ आणि चार शनिवार. तीन वर्षांत आमची जी काही भांडणं झाली त्यांतलं निम्मं स्पीकरवरून झालं.

बापांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र एका बाईचं गाऱ्हाणं म्हणून बाजूला ठेवलं जाईल. कोर्टातल्या मुलांच्या खोलीत मी काही वेळा बसले आहे. तिथे बाप लहान खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि मुलाला काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. एक जण पूर्ण वेळ नुसती बुटांची लेस बांधून देत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. मुलाला मजा वाटत होती. त्याच्या पोटगीचे हप्ते नियमित होते की थकलेले, मला माहीत नाही. त्या खोलीत ते कुणालाच माहीत असू नये असं मला वाटतं.

माझं मागणं तुमच्या अधिकाराबाहेरचं नाही, कुठलाही कायदा बदलावा लागणार नाही. पैशाची बैठक आधी घ्या आणि ती शपथपत्रं, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, कर्जाचे उतारे समोर उघडे ठेवून घ्या. चाळीस तासांच्या प्रशिक्षणात ताळेबंद वाचायला शिकता येत नाही, हे समजू शकते. मग एखाद्या हिशेबनिसाला तासभर बोलवा. मुलाची बैठक दुसऱ्या दिवशी, शक्य तर दुसऱ्या आठवड्यात. त्या दिवशी कुणीही रकमेचा उल्लेख केला तर बैठक तिथेच थांबवा. मसुद्यातही मुलाची अनुसूची वेगळ्या पानावर असू द्या, आणि तिच्यात स्पष्ट लिहा, की रक्कम थकली म्हणून भेट थांबणार नाही आणि भेट चुकली म्हणून रक्कम थांबणार नाही. आमच्या अटींत हे एक वाक्य असतं तर ती पिशवी खुंटीवर गेली नसती. कदाचित तरीही गेली असती, मी किती रागात होते ते मला आठवतं. पण निदान मला ते वाक्य मोडून तसं करावं लागलं असतं.

आमचं नंतर सुरळीत झालं. कोर्टाबाहेर, एका रविवारी, दोघांनीच बसून. थकलेली रक्कम त्याने चार हप्त्यांत दिली, पण शनिवार त्याआधीच सुरू झाले होते. मुलगी आता अकराची आहे, पिशवीच्या जागी सॅक आली आहे आणि आजकाल कधी कधी तीच दोघांना कळवते की या शनिवारी मैत्रिणीकडे जाणार आहे, कुणीच येऊ नका.

तो उभ्या रेघेचा कागद माझ्या फाइलमध्ये आला कसा, कोण जाणे. यायला नको होता. मध्यस्थीच्या खोलीत जे बोललं-लिहिलं जातं ते तिथेच राहायचं असतं, न्यायालयाकडे फक्त तडजोड झाली किंवा नाही एवढंच जायचं असतं. बहुधा त्या दिवशी घाईघाईने कागद गोळा करताना माझ्याकडून उचलला गेला. गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेसाठी जन्मदाखला शोधत होते, फाइल पलंगावर पसरलेली होती, तेव्हा तो तिच्या हाताला लागला. बराच वेळ बघत राहिली. "शनि." आणि "+३०००" आणि मधला बाण. मला वाटलं आता विचारणार. तिने एवढंच विचारलं, हे अक्षर तुझं आहे की बाबाचं?

मी म्हटलं, आमच्या दोघांचंही नाही.

"मग कुणाचं?" म्हणाली, आणि दाखला सापडल्यावर विसरूनही गेली.

कळावे,
आपली,
एक माजी अर्जदार

ता. क. मुलांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मी पहिल्यांदा गेले तेव्हा सव्वातीनवर थांबलेलं होतं आणि शेवटच्या तारखेलाही सव्वातीनवरच होतं. त्या खोलीत भेटीचे तास मोजायचे असतात आणि त्यावरून रोज वाद होतात. कृपया एक सेल घालून घ्यावा.